रेस सोडली तरी आरपीएम का रेंगाळतो? पाय उचलल्यानंतर छोट्या इंजिनात काय चालतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजच्या व्हॉट्सअ‍ॅपवर बिघाडाच्या तक्रारी येतातच, पण शंका त्याहून जास्त येतात. त्यातल्या पुष्कळशा एकाच क्षणाच्या असतात: अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, आणि गाडी अपेक्षेप्रमाणे वागली नाही. तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो. प्रश्नांना क्रमांक दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा हवाला आला तर तेवढं वर-खाली करून पाहा.

१. रेस सोडली की इंजिनात नेमकं होतं तरी काय?

पूर्वी पेडलपासून इंजिनापर्यंत तारेची केबल होती. पाय उचलला की स्प्रिंग थ्रॉटलची झडप (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी) ओढून बंद करायची. मध्ये कोणी विचारणारं नव्हतं. आता पेडलला केबलच नाही. पेडलच्या बुडाशी दोन सेन्सर असतात (एकाने दगा दिला तर दुसरा ताळा द्यायला), ते ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) सांगतात की पाय इतका दाबलाय किंवा सुटलाय. थ्रॉटल बॉडीवर छोटी मोटर असते, ती ईसीयूचं ऐकते, तुमचं ऐकत नाही. तुम्ही पाय उचलता तेव्हा खरं म्हणजे अर्ज करता. तो मंजूर होतोच, पण केव्हा आणि किती वेगाने, हे ईसीयू ठरवतो.

गाडी गिअरमध्ये असेल, इंजिन तापलेलं असेल आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुरेसा असेल, तर झडप जवळपास मिटते आणि इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, बंद होतात. पेट्रोल शून्य. मग इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. हेच आपलं इंजिन ब्रेकिंग. आरपीएम साधारण हजार-बाराशेला आला की इंजेक्टर पुन्हा सुरू होतात, नाहीतर गाडी बंद पडेल.

२. क्लच दाबून रेस सोडली तरी आरपीएम एक क्षण तिथेच लटकतो, मग खाली येतो. जुन्या गाडीत असं नव्हतं. नवीन गाडीत बिघाड आहे का?

बहुतेक वेळा नाही. गाडी मुद्दाम तशी बनवलेली असते. कारणं मात्र एकापेक्षा जास्त आहेत.

पहिलं कारण धूर. बहुतेक छोट्या गाड्यांत इंजेक्टर सिलिंडरच्या तोंडाशी, इनटेकच्या नळीत पेट्रोल फवारतो. त्यातलं थोडं नळीच्या भिंतीला ओलसर थरासारखं चिकटून राहतं. झडप धाडकन मिटली तर आत एकदम व्हॅक्यूम तयार होतो आणि तो थर एका दमात वाफ होऊन सिलिंडरमध्ये जातो. हवा कमी, पेट्रोल जास्त, जळणं अर्धवट. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने बाहेर. ते टाळायला ईसीयू झडप हळूहळू मिटवतो.

दुसरं कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा, धुरातले घातक वायू मोडणारा डबा. इंजेक्टर पूर्ण बंद केले तर इंजिन नुसती हवा ढकलतं आणि कन्व्हर्टर ऑक्सिजनने भरून जातो. त्यानंतर पुन्हा रेस दिली की काही काळ तो नायट्रोजनची ऑक्साइड मोडू शकत नाही. आधी थोडं जादा पेट्रोल पाठवून तो ऑक्सिजन संपवावा लागतो. अर्ध्या सेकंदाच्या गिअर बदलासाठी हा उपद्व्याप परवडत नाही, म्हणून ईसीयू थोडी हवा, थोडं पेट्रोल चालू ठेवतो. १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ (गाड्यांच्या धुराचा कडक नियम) आलं आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावरही धुराची मोजणी सुरू झाली. तेव्हापासून आमच्याकडे हा प्रश्न वाढलाय, यात नवल नाही.

तिसरं कारण यांत्रिक आहे. तीन सिलिंडरच्या इंजिनाची थरथर दाबायला फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाला फिरणारं चाक) वजनदार ठेवतात, आणि जड चाक एकदा फिरायला लागलं की थांबायला वेळ घेतं. शिवाय टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद) एकदम सुटला की गाडी पुढे-मागे हेंदकाळते, तो गचका लपवायलाही झडप सावकाश मिटवली जाते.

आणि हे अगदीच नवं नाही. कार्ब्युरेटरच्या (इंजेक्टरच्या आधीच्या) काळातही काही गाड्यांना डॅशपॉट नावाचा छोटा डबा असायचा, तो झडपेला शेवटच्या टप्प्यात हळू टेकवायचा. कामही तेच. आता डबा गेला आणि सॉफ्टवेअर आलं.

३. मग किती वेळ लटकणं ठीक, आणि कुठून बिघाड समजायचा?

इंजिन तापलेलं असताना सेकंदभर रेंगाळून आरपीएम सलग खाली येत असेल तर सोडून द्या. पंधराशे-दोन हजारला अडकून बसत असेल, खाली येऊन पुन्हा स्वतःच वर जात असेल, किंवा सिग्नलला उभं असताना झोके खात असेल, तर तपासायला हवं.

तपासायचा क्रम माझ्या मते असा: आधी पायाखालची मॅट. हसू नका. बाजारातली जाड सेव्हन-डी मॅट पेडलखाली सरकलेली मी कितीदा तरी ओढून काढलीय. मग थ्रॉटल बॉडीवरची काजळी. मग व्हॅक्यूम लीक, म्हणजे झडपेला वळसा घालून कुठूनतरी चोरहवा आत जाणं. मग टाकीतल्या वाफा इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का.

धायरीचे एक निवृत्त शिक्षक त्यांची हॅचबॅक घेऊन आले होते. दुसरीकडे दोनदा थ्रॉटल बॉडी साफ करून बिल लावलं होतं, तिसऱ्यांदा ‘नवीन गाड्या अशाच असतात’ म्हणून वाटेला लावलं होतं. आरपीएम अठराशेवर. गार इंजिन चालू केलं, आणि इनटेकच्या जोडांवर एकेक करून कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारत गेलो. क्रँककेसच्या वाफा नेणाऱ्या रबरी नळीच्या कोपरावर फवारा पडला आणि इंजिनाचा सूर बदलला. नळी उलटी करून पाहिली तर खालच्या अंगाला नखाएवढी भेग. वरून दिसणं शक्यच नव्हतं. नळी बदलली, काम संपलं. सरांनी मला ‘निरीक्षणाला दहापैकी नऊ’ दिले. एक का कापला, ते सांगितलं नाही. (तापलेल्या इंजिनावर हा प्रयोग घरी करू नका, ते क्लीनर पेट घेतं.)

थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर एक-दोन दिवस आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिनाचं नुसतं चालू राहणं, विचित्र वाटू शकतं. झडपेची मिटलेली जागा ईसीयू नव्याने शिकत असतो. स्कॅनरवरून (ईसीयूला जोडायच्या यंत्रावरून) ते शिकवता येतं, आग्रहाने करून घ्या.

४. पहिल्याचा दुसरा टाकताना मान पुढे जाते. क्लच खराब आहे की माझा पाय?

पाय. वाईट वाटून घेऊ नका, सवय जुन्या गाडीची आहे.

छोट्या गाडीत पहिला गिअर साधारण साडेतीनचा आणि दुसरा १.९ च्या आसपास असतो (गिअरबॉक्समधून बाहेर एक फेरा जायला इंजिनाचे तेवढे फेरे). म्हणजे पहिल्यात ३००० आरपीएमला असाल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात इंजिन सुमारे १६०० ला हवं. चौदाशे आरपीएम उतरायचे आहेत. जुनी गाडी ते तुम्ही गिअर हलवेपर्यंत उतरवायची. नवी लटकवून ठेवते (का, ते प्रश्न २ मध्ये). तुम्ही जुन्या सवयीने क्लच सोडता तेव्हा इंजिन अजून अडीच हजारावर असतं, गाडी पुढे ढकलली जाते आणि मागच्या सीटवरून ‘जरा हळू’ येतं.

बहुतेकजण एकाच वेळी पाय उचलतात आणि क्लच दाबतात, किंवा क्लच आधी दाबतात. मग इंजिनाला खाली ओढणारं कोणी उरत नाही. करायचं एवढंच: रेस आधी सोडा, एक श्वासाचा भाग थांबा, मग क्लच दाबा. त्या क्षणात गाडीचं वजनच इंजिनाला खाली खेचायला लागतं. दुसरं, पहिला गिअर ताणू नका. गाडी हलली, दोन हजाराच्या आसपास आली की दुसरा टाका. उतरायचे आरपीएमच कमी राहतात.

सराव नळस्टॉपच्या सिग्नलला करू नका. रविवारी सकाळी सात वाजता एखादा मोकळा रस्ता गाठा आणि वीस वेळा पहिला-दुसरा करा. विसाव्या वेळी पाय स्वतः ओळखतो.

एवढं करूनही रेस सोडताक्षणी ‘ठक्’ असा आवाज येत असेल तर मात्र इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ती रबरं) बघा. तीन सिलिंडरच्या गाडीत ती लवकर दमलेली मी पाहिलीत.

५. उतारावर न्यूट्रल मारली की पेट्रोल वाचतं. वडील आयुष्यभर तसंच करत आलेत. बरोबर ना?

वडिलांच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत बरोबर होतं. तुमच्या गाडीत उलट आहे.

सासवडहून येताना दिवे घाटाच्या माथ्यावर एका ग्राहकाच्या गाडीला स्कॅनर लावून आम्ही उतरलो. तिसरा गिअर, रेस पूर्ण सोडलेली, खाली मस्तानी तलाव. इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ: शून्य मिलिसेकंद. इनटेकमधला दाब वीस-बावीस किलोपास्कल (पुण्यात बाहेरची हवा साधारण ९५ असते, म्हणजे व्हॅक्यूम जबर). सरळ पट्ट्यात क्षणभर न्यूट्रल केली. इंजेक्टर लगेच सुरू, कारण आता इंजिन जिवंत ठेवायला चाकं नव्हती, आयडलिंग करावं लागणार होतं. छोटं पेट्रोल इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. दहा मिनिटांच्या उतारात साधारण एक कटिंगचा ग्लास भरेल एवढं. गिअरमध्ये तेवढंही नाही.

आता ज्यांना वाद घालायचाच आहे त्यांच्यासाठी, प्रामाणिकपणे: अगदी सौम्य उतार असेल, जिथे गिअरमध्ये रेस सोडली की गाडी मंदावते आणि पुन्हा रेस द्यावी लागते, तिथे न्यूट्रलमध्ये गाडी लांब घरंगळते आणि कागदावर हिशेब न्यूट्रलच्या बाजूने जाऊ शकतो. पण तो उतार घाटाचा नव्हे. घाटात न्यूट्रल म्हणजे सगळा भार ब्रेकवर. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. तिथे ब्रेक निकामी झालेल्या जड वाहनांनी काय केलंय ते सगळ्यांनी वाचलंय. कार हलकी असते, पण तापलेल्या ब्रेकचं शास्त्र दोघांना एकच.

इंजिनच बंद करून उतरणाऱ्यांना दोन शब्द जास्त: ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबला की पेडल दगड होतं, आणि स्टिअरिंग जड. करू नका.

६. उतारावर मीटरमध्ये मायलेज ९९.९ दिसतं. मीटर खोटं बोलतोय का?

खरं बोलतोय, फक्त त्याला त्याहून मोठा आकडा दाखवता येत नाही. पेट्रोल शून्य असेल तर भागाकार अनंत येतो. कारण प्रश्न ५ मध्ये. जाता जाता: वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत रोलरवर मायलेज मोजतात त्या चक्रातही वेग कमी करण्याचे टप्पे असतात, आणि इंजेक्टर बंद होण्याचा फायदा तिथल्या आकड्यातही मिळतो. आपण सिग्नल लाल दिसत असताना शेवटपर्यंत रेस देतो आणि मग ब्रेक मारतो. तो फायदा फुकट घालवतो.

७. नवीन तीन सिलिंडर गाडी रेस सोडली तरी पळतच राहते. इंजिन ब्रेकिंग कमी आहे का?

असू शकतं, पण दोष एकट्या सिलिंडरच्या संख्येला देऊ नका. २०२४ च्या स्विफ्टमध्ये चारचे तीन सिलिंडर झाले, पण क्षमता ११९७ सीसीच राहिली. पेट्रोल इंजिन गाडीला मागे खेचतं ते मुख्यतः दोन गोष्टींनी: मिटलेल्या झडपेमागून हवा ओढण्याची धडपड, आणि अंतर्गत घर्षण. पहिली क्षमतेवर आणि आरपीएमवर अवलंबून. दुसरी रिंगा, बेअरिंग, ऑइल यांवर, आणि कंपन्या ती मायलेजसाठी दरवर्षी कमी करतायत. पातळ ऑइल हाही त्याचाच भाग. ९९८-९९९ सीसीच्या टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा असलेल्या) गाडीत क्षमताच कमी, त्यात टॉर्क भरपूर म्हणून गिअर लांब ठेवलेले. ८० च्या वेगाला आरपीएम खाली, म्हणून ओढ कमी. एक गिअर खाली टाका, ओढ परत येते.

८. सिंहगडावरून उतरताना कोणता गिअर ठेवू? आरपीएम चार हजाराला गेला तर इंजिनाला त्रास होतो का?

ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. सिंहगडाच्या अरुंद वळणांना दुसरा, अगदी तीव्र जागी पहिला. चार हजाराला इंजिन नुसतं ओरडतं, त्याला काही होत नाही. आत स्फोटच होत नसतात, ऑइल फिरत असतं. रविवारी पायथ्याशी येणारा जळका वास इंजिनांचा नसतो, ब्रेक पॅडचा असतो.

धोका एकच: वेगात असताना चुकून फार खालचा गिअर टाकणं. रेस दाबून लाल रेषा ओलांडायला गेलात तर ईसीयू पेट्रोल तोडतो. पण चाकांनीच इंजिन गरगर फिरवलं तर तो काय तोडणार? म्हणून आधी ब्रेकने वेग उतरवा, मग गिअर.

आणखी एक, इंजिन ब्रेकिंगने मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे कोणी चिकटून येत असेल तर ब्रेकला नुसता पाय टेकवा.

९. टर्बो गाडीत पाय उचलला की ‘फुस्स’ आवाज येतो. हवा गळतेय?

नाही. टर्बोने दाबलेली हवा पुढे झडप मिटलेली पाहून उलटी फिरते आणि टर्बोच्या पंख्यावर आदळू पाहते. ते वाचवायला एक बायपास व्हॉल्व्ह ती हवा पुन्हा टर्बोच्या आधीच्या नळीत सोडतो. बॉनेट बंद असताना हा आवाज जेमतेम ऐकू यावा. एकदम मोठा झाला आणि पिकअपही पडला, तर नळी निसटली असेल.

१०. डिझेलमध्येही असंच असतं का?

डिझेलमध्ये शक्ती झडपेने कमी-जास्त करत नाहीत, थेट डिझेल कमी-जास्त करतात. रेस सोडली की डिझेल तुटतं, पण हवा पूर्ण आत येत राहते. ती दाबायला लागलेली ताकद बरीचशी स्प्रिंगसारखी परत मिळते, म्हणून व्हॅक्यूमची ओढ तिथे नसते. ट्रक आणि बसला वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवतात तो याचसाठी. कारमध्ये मजबूत घर्षण आणि वजनदार भाग मिळून ओढ ठीकठाक जाणवते.

११. सीएनजीवर उतारावर गॅस जळतो का?

नाही. सीएनजीचे इंजेक्टरही तसेच बंद होतात, झडप तीच. न जळणाऱ्या इंजिनाला इंधन कोणतं याने फरक पडत नाही.

१२. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच नाही, मग मी काय करायचं?

एएमटी म्हणजे आपलीच मॅन्युअल गाडी, क्लच दाबणारा फक्त यंत्राचा. आरपीएम उतरेपर्यंत तो थांबतो, म्हणून प्रत्येक गिअरला झोका येतो. बदलाच्या क्षणी स्वतःच रेस किंचित सैल करा, झोका निम्मा होतो. घाटात लिव्हर मॅन्युअलला ओढून गिअर खाली धरून ठेवा, ‘ड्राइव्ह’च्या भरवशावर राहू नका. सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये) लिव्हरवर एल, एस किंवा बी, जे असेल ते. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या) गाडीत दोन्हींना घट्ट धरणारा लॉक-अप क्लच सुटला की ओढ एकदम ढिली पडते, घाबरू नका, गिअर खाली घ्या. काही डीसीटी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गाड्या इको मोडमध्ये पाय उचलला की क्लच सोडून मुद्दाम घरंगळतात. घाटाआधी तो मोड बंद करा.

१३. स्मार्ट हायब्रिडमध्ये पाय उचलला की गाडी जास्त थांबते, कधी थांबतच नाही. असं का?

पाय उचलला की बेल्टला जोडलेला जनरेटर गाडीच्या वेगातून बॅटरी भरतो, ती ओढ इंजिनाच्या ओढीत मिळते. बॅटरी भरलेली असली की ती घेत नाही, ओढ कमी. लांब घाटात सुरुवातीला मिळालेली ओढ तळापर्यंत टिकेल असं धरून चालू नका.

१४. सकाळी पहिल्या पाच मिनिटांतच हा त्रास होतो, नंतर नाही.

गार इंजिनात कन्व्हर्टर लवकर तापवायला ईसीयू आयडलिंग वर ठेवतो आणि इंजेक्टर बंद करत नाही. डिसेंबरात जास्त जाणवेल. एसी लावल्यावरही कॉम्प्रेसरचं ओझं पेलायला आयडलिंग थोडं वर जातं. दोन्ही ठीक. तापल्यावरही तसंच राहिलं तर प्रश्न ३.

१५. रिमॅप करून (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून) हे आरपीएमचं लटकणं काढता येतं म्हणतात. करू का?

काढता येतं, आणि गाडी छान चपळ होते, खोटं कशाला बोलू. पण ते लटकणं धुरासाठी ठेवलंय (प्रश्न २). वॉरंटी जाईल. कंपनीने दिलेली वैशिष्ट्यं बदलण्यावर मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे. पीयूसीत पकडलं जाणार नाही, कारण तिथे पेट्रोल गाडी उभी असतानाचाच धूर तपासतात. पण पकडलं जात नाही एवढ्यावरून मी ते करून देणार नाही, एवढंच. आधी प्रश्न ४ चा सराव महिनाभर करा. बहुतेकजण पुन्हा विचारायला येत नाहीत.

१६. ताम्हिणीत पावसात वळणावर वेग जास्त वाटला, घाबरून रेस एकदम सोडली, तर मागचा भाग सरकल्यासारखा झाला. ब्रेक तर मारला नव्हता!

रेस सोडणं हाही ब्रेकच आहे, आणि तो फक्त पुढच्या चाकांवर लागतो, कारण आपल्या छोट्या गाड्या पुढून ओढणाऱ्या. वजन झटकन पुढे आलं, मागची चाकं हलकी झाली, रस्ता ओला, आणि मागे तुमचे टायर बहुधा झिजलेले. (चांगली जोडी पुढे टाकायची आपल्याकडची सवय चुकीची आहे. चांगले टायर मागे हवेत.) मॅन्युअल गाडीत खालच्या गिअरमध्ये हा धक्का जास्त बसतो.

वळणात शिरण्याआधी, सरळ असतानाच वेग उतरवा आणि गिअर निवडा. वळणाच्या आत रेस अगदी हलकी, एकसारखी ठेवा. तरीही चुकलंच तर पाय एकदम न काढता हळूहळू सैल करा आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेवा, दरीकडे नको. आणि पुढच्या पावसाळ्याआधी गाडी घेऊन या, टायर मागे-पुढे करून देतो.